नांगर किती उचलायचा

हिवरझरी, भातकुलीजवळ
५ मार्च १९६४

चि. देवमन यास ललिताताईचा जय भीम आणि आशीर्वाद.

आई कशी आहे हे आधी लिहीत जा, मग मोटारगाड्यांच्या गोष्टी. मागच्या पत्रात एका ट्रकच्या पोटाबद्दल दोन पानं आणि आईच्या गुडघ्यांबद्दल एक ओळ होती. आज मात्र मला तुझ्या त्या विद्येचंच काम पडलं आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

आमच्या नऊ घरांच्या संस्थेला सरकारनं नाल्यापलीकडची पडीत जमीन दिली हे तुला ठाऊक आहे. यंदाच्या पावसाआधी ती वहितीत आली नाही तर परत जाईल, असं कागदावरच लिहिलं आहे. त्या जमिनीत कुंदा, ते खोल मुळ्यांचं गवत, असा माजला आहे की बैलांच्या नांगराला तो दाद देत नाही. म्हणून शेजारच्या गावच्या संस्थेसोबत भागीत एक जुना ट्रॅक्टर मिळाला. एक दिवस त्यांचा, एक दिवस आमचा. तुझे भाऊजी सरकारी फार्मावर जाऊन चालवायला शिकून आले. तेव्हापासून पायी जातानाही वळणावर हात दाखवतात.

आता अडचण ऐक. ट्रॅक्टरला जायला एकच वाट आहे. ती भगवंतराव पाटलांच्या वावरातून जाते आणि शेवटी त्यांच्या बांधाचा धुरा ओलांडून आमच्या जमिनीत उतरते. धुरा चांगला गुडघ्याएवढा उंच आहे, वर गवत धरलेलं. तीन वर्षांपूर्वी तो पावसात फुटला तेव्हा पाटलांच्या वावरातली वरची माती नाल्यात गेली होती. त्यामुळे तो फोडून वाट करा असं म्हणायची सोयच नाही. पाटील म्हणाले होते, "चाकं जाऊ द्या, मातीले काही होत नाही. पण धुऱ्याले लोखंड लागाले नाही पायजे." आणि पहिल्याच दिवशी लागलं. ट्रॅक्टर पलीकडे उतरला आणि मागं टांगलेल्या नांगरानं धुऱ्याचा माथा खरवडून नेला. आम्ही सगळ्यांनी मिळून माती भरली, चोपली. पाटील येऊन पाहून गेले. तुझ्या भाऊजींना म्हणाले, "पंजाब, एक खेप झाली. दुसऱ्या खेपेले वाट बंद समजजो."

ते भांडखोर असते तर मला काळजी नव्हती. भांडखोराचा शब्द दुसऱ्या दिवशी बदलतो. हे शांतपणे बोलले.

नांगर सोडून सहा जणांनी उचलून पलीकडे नेऊन पाहिला. पुन्हा जोडताना पुंजाजींचा अंगठा मध्ये सापडला. पुंजाजी आमच्या संस्थेतले सगळ्यात वडील, आता पट्टी बांधलेला अंगठा नाचवत सगळ्यांना सांगतात की बैल बरे होते. रोज जाता-येता हे जमणार नाही.

तुझे भाऊजी शेजारी बसून सांगत आहेत, "लिही तुह्या भावाले, का या मशीनचं हायड्रोलिकच कमजोर हाये. नांगर उचलते वीतभर अन् थांबते, जसं काही माह्यावर उपकारच करून राह्यलं." मी वितीनं मोजलं. पूर्ण उचलल्यावर फाळाचं टोक जमिनीपासून एक वीत चार बोटं राहतं. धुरा जवळजवळ दोन विती भरतो. बाकी हिशेब तुला कळेल.

तर सांग, नांगर आणखी वर कसा उचलायचा?

तुझी ताई,
ललिता


जुने शहर, अकोला
११ मार्च १९६४

ती. ताईस देवमनचा जय भीम.

आईचा उजवा गुडघा बरा आहे, डावा कुरकुरतो. मोर्णेच्या पुलावरून बाजारात जाते आणि वांगी महाग म्हणून परत येते. झालं समाधान?

आता भाऊजींना सांग की हायड्रोलिक कमजोर नाही. कमजोर असतं तर नांगर उचलला गेला नसता, किंवा उचलून हळूहळू खाली बसला असता. जो उचलतो आणि वर धरून ठेवतो त्याच्या अंगात जोर आहे. त्याचा हात कुठं बांधला आहे ते पाहायचं. आमच्या गॅरेजात ट्रॅक्टर येतच असतात, त्यामुळे मला हे पाठ आहे.

मागं बघा. नांगर ज्यांच्यावर टांगलेला असतो ते दोन लांब लोखंडी हात खाली असतात. त्यांच्या वर दोन आखूड हात असतात, ते तेलाच्या जोरानं उठतात. वरच्या आखूड हातापासून खालच्या लांब हातापर्यंत एकेक उभी दांडी असते. वरचा हात उठला की दांडी खालच्याला ओढून घेते. एवढंच आहे सगळं. आता ती दांडी खालच्या हातात कुठं अडकवली आहे ते मला कळायला हवं.

बैलबंडी घे. बैल सोडल्यावर दांडी जमिनीला टेकते ना? टोकाला धरून उचललीस तर सोपी जाते, पण तुझा हात हातभर उठला तर टोकही हातभरच उठतं. तीच दांडी चाकांच्या कण्याजवळ धरून उचल. जीव जाईल, पण तुझा हात थोडाच उठला तरी टोक पार आभाळाकडे जाईल. नांगराचं असंच आहे. उभी दांडी ट्रॅक्टरच्या जितकी जवळ अडकेल तितका नांगर वर जाईल, आणि तितकाच तेलाला जड होईल.

तेव्हा भाऊजींना म्हणावं, खाली वाकून बघा, खालच्या लांब हाताला भोकं किती आहेत आणि दांडी कोणत्या भोकात आहे. चित्र काढून पाठवा. आणि अंगठे सांभाळा.

तुझा,
देवमन

ता.क. आमचे ओमप्रकाश मिस्त्री म्हणतात, "पहले देखो, फिर खोलो." ते हे दिवसातून दहादा म्हणतात आणि स्वतः आधी खोलतात.


हिवरझरी
१८ मार्च १९६४

चि. देवमन यास जय भीम.

तुझं पत्र वाचून तुझे भाऊजी लगेच उठले, पाना घेतला आणि ट्रॅक्टरच्या मागं गेले. वाकले. पुन्हा उभे राहिले. म्हणाले, "थ्या नांगराच्या अन् चाकाच्या मंदात माणूस मावत नाही." मग मी पाहिलं तर माणूस मावत होता, त्यांचं पोट मावत नव्हतं. शेवटी पदर खोचून मीच आत गेले. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "माही सून ट्रॅक्टरखाली! लोकं काय म्हणतीन?" पुंजाजी म्हणाले, "लोकं म्हणतीन, बरं झालं आपण नाही गेलो." त्यावर त्या हसल्या आणि मला चटई आणून दिली. तेव्हा यापुढे "भाऊजींना सांग" असं लिहिताना लक्षात ठेव की वाकणारी मी आहे.

चित्र मागच्या बाजूला काढलं आहे. मला चित्रकला येत नाही, खेकड्यासारखं दिसतं, पण भोकं मोजून काढली आहेत. प्रत्येक खालच्या हाताला दोन. दांडी मागच्या भोकात आहे, म्हणजे नांगराकडच्या. पुढचं भोक रिकामं, त्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं. म्हणजे आजवर कुणीच ते वापरलेलं नाही. एखाद्यानं मुद्दाम भोक पाडून ठेवलं आणि इतकी वर्षं त्यात कुणी पिन घातली नाही, याचं मला फार नवल वाटलं.

आणखी एक सांगते, रागावू नको. तुझं पत्र येण्याआधी ह्यांनी एक उपाय करून पाहिला. उजव्या उभ्या दांडीला एक फिरवायची मूठ आहे. ती फिरवली की दांडी आखूड होते. ह्यांना वाटलं सापडलं! फिरवत गेले, फिरवत गेले, आणि नांगर उजवीकडून वर आणि डावीकडून होता तिथंच. वाकड्या मानेनं बघणाऱ्या कोंबडीसारखा दिसत होता. सगळं गाव बघायला आलं. ह्यांनी नांगराला शिव्या दिल्या, मग फार्मावरच्या मास्तरांना.

पण मला रात्रंदिवस एकच प्रश्न पडला आहे. मूठ एकाच बाजूला का? ज्यानं हे बनवलं त्याला नांगर मुद्दाम वाकडा करायची सोय कशाला हवी होती? वेडा नसणार तो. आम्ही बैलांच्या नांगराला असं कधी पाहिलं नाही. हे मला आधी सांग, मग पुढचं.

शेजारच्या संस्थेचा चालक खुशाल नांगरतो, त्यांच्या वाटेत धुराच नाही. आमच्या सहा-सात पाळ्या वाया गेल्या. कुंद्याला नवी पालवी आली आहे.

ललिता


जुने शहर, अकोला
२४ मार्च १९६४

ती. ताईस जय भीम.

आधी एक कबूल करतो. आमच्याकडे ट्रॅक्टर येत नाहीत. ट्रक येतात, जीप येतात, एकदा वऱ्हाडाची बस आली होती. जे लिहिलं ते एका जुन्या पुस्तकातल्या चित्रावरून आणि बंडीवरून लिहिलं. तुझा मुठीचा प्रश्न आल्यावर पुस्तकानं हात टेकले. म्हणून रविवारी सायकल घेऊन गावाबाहेर एका शेतकऱ्याकडे गेलो, त्यांच्याकडे तसाच ट्रॅक्टर आहे असं ऐकलं होतं. मी मागून खाली शिरलो तर त्यांनी चोर समजून काठी आणली. पाय धरून बाहेर ओढलं. मी सांगितलं, "माह्या बहिणीले मुठीचं कारण पायजे." त्यांनी काठी ठेवली, स्वतः खाली शिरले आणि तासभर आम्ही दोघं चिखलात लोळून मूठ फिरवत होतो. त्यांनाही ठाऊक नव्हतं! शेवटी त्यांनी नांगर लावून जमिनीत एक तास, म्हणजे नांगराची चरी, काढून दाखवलं आणि दोघांना एकदमच कळलं.

पहिलं तास काढलं की दुसऱ्या वेळी ट्रॅक्टरचं उजवं चाक त्या तासात चालतं. डावं वर, उजवं खाली. म्हणजे ट्रॅक्टर चालतोच वाकडा. मग नांगर सरळ राहायला त्याला ट्रॅक्टरच्या मानानं वाकडं करावं लागतं. त्यासाठी मूठ. बनवणारा वेडा नव्हता, ताई. त्याला माहीत होतं की काम करताना चाक जमिनीत खाली जाणारच.

आता काम. नांगर जमिनीवर टेकवा, खाली लाकडाचे ओंडके द्या, इंजिन बंद करा. वर उचललेल्या नांगराखाली कुणीही शिरायचं नाही, तू तर नाहीच. मग दोन्ही उभ्या दांड्यांच्या पिना काढून पुढच्या भोकात घाला. दोन्ही, एक नाही. मूठ फिरवून दोन्ही बाजू सारख्या करा. हळूच उचला आणि वर गेल्यावर नांगर मागच्या चाकाला किंवा कशाला घासत नाही ना ते पाहा. तेलाला जड जाईल, इंजिन थोडं वाढवून ठेवा. धुरा चढताना ट्रॅक्टर तोंड वर करू लागला तर पुढं दगडांची पोती बांधा. पुंजाजींना बसवू नका.

गांधीलमाशीचं घर काढलंस ना? नाहीतर पिन जाणार नाही.

तुझा,
देवमन


हिवरझरी
६ एप्रिल १९६४

चि. देवमन यास जय भीम.

वाईट झालं आहे, पण क्रमानं सांगते. क्रम सोडला की मला रडू येतं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पिना गंजलेल्या होत्या, रॉकेल घालून रात्रभर ठेवल्या. पुढच्या भोकात घालून उचललं तेव्हा इंजिन कण्हलं, पण नांगर असा वर गेला की पुंजाजी दोन पावलं मागं सरले. आवारात मोजलं. दोन विती आणि वर तीन बोटं! दुसऱ्या दिवशी आमची पाळी होती. सकाळी धुऱ्यावरून गेलो तर माथ्यावरच्या गवताला फक्त वारा लागला. मी स्वतः तिथं पालथी पडून पाहत होते. ह्यांनी पलीकडे उतरून दिवसभर धुऱ्याच्या कडेकडेनं नांगरलं. कुंद्याच्या मुळ्या दोरखंडासारख्या वर आल्या. आम्ही बाया त्या वेचून ढीग करत होतो आणि गाणी म्हणत होतो.

मधला दिवस त्यांचा. परवा पुन्हा आमची पाळी. तीच वाट, तोच नांगर, तीच पिन. आणि उतरताना नांगरानं धुरा पुन्हा खरवडला. पहिल्यापेक्षा जास्त.

पाटील अमरावतीला गेले होते. वावरात फक्त पाटलीण मैनाबाई तुरीच्या तुराट्या गोळा करत होत्या. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. कुणीतरी म्हणालं की पाटील यायच्या आत भरून टाकू, कुणाला कळणार नाही. ह्यांनी फावडं खाली ठेवलं. म्हणाले, "मले चोरून माती टाकता येत नाही." संध्याकाळी पाटील बसमधून उतरले तिथंच जाऊन ह्यांनी सांगितलं. पाटील म्हणाले, "सांगतलं हे बरं केलं. पण धुरा सांगण्यानं भरत नाही. वाट बंद." मग घरापाशी गेल्यावर थांबून म्हणाले, "जयंती होऊ दे. त्याच्यानंतर एक खेप माह्यासमोर नेऊन दाखव. धुऱ्यावर तुराट्या रोवीन. एक जरी पडली, तं पुन्हा इचारू नोको."

तेव्हा आता एकच संधी आहे. हे दोन दिवस झाले जेवणावर बसून उठतात. "मशीन बेइमान हाये," एवढंच बोलतात.

पण मशीन बेइमान कसं असेल? काल पोळ्या करताना मी कणकेचा धुरा केला. दोऱ्याचं रीळ म्हणजे मागची चाकं, त्याला मागं चमचा बांधला तो नांगर. पाटावरून चालवलं. सासूबाई बघत उभ्या होत्या, त्यांना वाटलं मला लागीर झालं. चढताना चमचा धुऱ्याच्या अलीकडेच असतो. रीळ धुऱ्यावर असतं तेव्हा चमचा उंच असतो. रीळ पलीकडे उतरून खाली पाटावर आलं की मगच चमचा धुऱ्याच्या माथ्यावर येतो. म्हणजे जे काही बिघडतं ते पलीकडे उतरल्यावर बिघडतं. इथपर्यंत मला कळलं. पण पहिल्या दिवशी गेला आणि दुसऱ्या दिवशी अडला, पाट तर तोच आहे ना? याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही. मग त्याच कणकेच्या पोळ्या केल्या, कुणाला चांगल्या लागल्या नाहीत.

लवकर लिही.

ललिता


जुने शहर, अकोला
१० एप्रिल १९६४

ताई,

पाट तोच नाही! हे मी ओरडलो तेव्हा आई दचकली आणि चहाला आलेले ओमप्रकाश मिस्त्री म्हणाले, "कौनसा पाट?"

पहिल्या दिवशी तुम्ही उतरलात ती जमीन पडीत होती, दगडासारखी. मग भाऊजींनी दिवसभर धुऱ्याच्या कडेनंच नांगरलं. दुसऱ्या वेळी मागची चाकं त्या भुसभुशीत काळ्या मातीत उतरली आणि वीतभर खाली रुतली. चाकं खाली गेली की सगळा ट्रॅक्टर खाली, नांगरही खाली. तुमची तीन बोटं तिथंच गेली. मीच तुला लिहिलं होतं की चाक खाली जाणारच म्हणून मूठ असते, आणि मलाच सुचलं नाही. आवारात मोजलेलं वावरात खरं राहत नाही. तुझ्या कणकेच्या धुऱ्यापलीकडे पाटाऐवजी पिठाचा ढीग ठेवला असतास तर तुलाच कळलं असतं.

दोन गोष्टी करा. उतरतो ती जागा चोपून टणक करा, आणि पुढं कधीच तिथं नांगर घालू नका. बंडीवाटेएवढी पट्टी सोडा. पुंजाजी कुरकुर करतील की तेवढा कुंदा राहिला, करू देत. दुसरं, नांगराला वरून धरणारा जो मधला दांडा आहे, वर एकटाच असतो तो, त्याला आटे असतात. तो थोडा फिरवून आखूड करा, म्हणजे नांगराची शेपटी आणखी वर उठेल. वावरात गेल्यावर पुन्हा सैल करायचा, नाहीतर नांगर नाकावर चालेल. रोज जाता-येता हे करावं लागेल. सवय होईल.

भाऊजींना सांग, मशीन बेइमान नाही. आणि ते जे बोलून आले पाटलांकडे, ते मी आईला वाचून दाखवलं. तिनं संध्याकाळी भाऊजींसाठी शेवया करून डब्यात भरल्या. एसटीनं पाठवतो.

देवमन


हिवरझरी
२३ एप्रिल १९६४

चि. देवमन यास अनेक आशीर्वाद. जय भीम.

शेवया पोचल्या. तुझे भाऊजी कुणाला देत नाहीत.

जयंतीला ट्रॅक्टरला निळ्या पताका लावून मिरवणूक काढली. हे चालवत होते, सासूबाई पहिल्यांदाच त्यावर बसल्या आणि उतरायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नऊ घरच्या बायांनी धुऱ्यापलीकडची जागा चोपायला घेतली. पाणी शिंपडायचं, दुरमुसानं चोपायचं, वर दगड ठेवून रात्र जाऊ द्यायची, पुन्हा चोपायचं. पुंजाजी म्हणालेच, "सरकारनं जमीन नांगराले देल्ली, अन् ह्या बाया तिले घट करून राहिल्या." मग स्वतः दुरमुस घेतला, एका हातानं. मधला दांडा मी आखूड केला. किती फिरवायचा ते कळावं म्हणून त्यावर चुन्यानं खूण केली. एक खूण वाटेची, एक वावराची.

काल पाटील आले. सोबत मैनाबाई. गावही आलं, बोलावल्याशिवाय. पाटलांनी धुऱ्याच्या माथ्यावर तुराट्या रोवल्या, बोटभर उंच, नांगर जातो तितक्या रुंदीत ओळीनं. ह्यांचा चेहरा घामानं असा चमकत होता की मला बघवेना. ह्यांनी नांगर उचलला. इंजिन कण्हलं. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. ट्रॅक्टर धुऱ्यावर क्षणभर उभा राहिल्यासारखा वाटला आणि मग मागची चाकं पलीकडे उतरली. चोपलेल्या जागेवर. रुतली नाहीत. नांगर तुराट्यांवरून हळूच पुढं जाऊ लागला.

आणि एक तुराटी पडली.

देवमन, सगळे पाटलांकडे पाहू लागले. ह्यांना तर मागं दिसत नव्हतं, ते आनंदानं पुढं चालले होते. पाटील सावकाश पुढं आले आणि ती तुराटी उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग बाकीच्या सगळ्या बसून, वाकून पाहिल्या. मला वाटलं आता म्हणतील. ते म्हणाले, "हे फाळानं नाही पडली. फाळ तं चार बोटं वरून गेला. मंग काहून पडली?" आणि हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर रागच नव्हता. तुझ्या तोंडावर असतं ना, ट्रकखालून बाहेर आल्यावर, तसं काहीतरी होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "साखळी असीन." खालच्या हातांना ज्या साखळ्या असतात ना, हात डोलू नये म्हणून, त्यातली एक साखळी पिना बदलल्यापासून सैल लोंबत होती. मी धावत जाऊन दाखवली. पाटील वाकले. त्यांनी साखळी हातात धरली, मग विचारलं की हे हात कसे उठतात. मी सांगितलं. दांडी, दोन भोकं, बंडी कण्याजवळून उचलली तर टोक का वर जातं, चाक रुतलं की सगळं का बसतं. पाटील मध्येच थांबवून विचारत होते आणि मी सांगत होते, धुऱ्यावर बसून, सगळ्या गावासमोर. मला भीतीच आठवली नाही. सांगून झाल्यावर ते उठले, धोतराची माती झटकली आणि ह्यांना म्हणाले, "पंजाब, साखळी बांधून घे. वाट चालू." मग जरा थांबून, "माहा दक्षिणेकडचा धुरा असाच उंच हाये. ट्रॅक्टर मी बी घेईन म्हणतो. तवा इचारीन." हे मला म्हणाले.

सगळे ओरडले. ह्यांना काय झालं तेच कळत नव्हतं, ते ट्रॅक्टरवरून उतरून "काय झालं, काय झालं?" करत आले. पुंजाजींनी आपल्या दुखऱ्या अंगठ्यासकट त्यांना मिठी मारली.

ऊन फार होतं. पाटील मैनाबाईंना म्हणाले, "पाणी द्या सगळ्यायले." त्यांनी झाडाखालचा घडा आणि तांब्या आणला. तुला माहीत आहे आपल्या लोकांना कसं देतात. मी ओंजळ केली आणि त्यांनी तांब्या वर धरून वरून धार सोडली. अर्ध्याहून जास्त पाणी माझ्या लुगड्यावर पडलं. मी दीड महिना हेच करत होते ना, किती वर उचललं म्हणजे लागत नाही, याचा हिशेब. मला एकदम राग आला. आणि रागापेक्षा नवल जास्त वाटलं, की इतकी वर्षं मी ओंजळ केली आणि हे कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, "मैनाबाई, खाली धरा. वरून सांडून राह्यलं."

त्यांचा हात थांबला. त्यांनी पाटलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तांब्या हळूहळू खाली आला, अजून खाली आला आणि त्याचा काठ माझ्या बोटांना टेकला. त्यांनी तो मागं घेतला नाही. मी पोटभर पाणी प्याले आणि तांब्या त्यांच्या हातातून घेऊन ह्यांना दिला.

तुझी ताई,
ललिता